तेलाचा पट्टा

तावडेमामा गेले हे मला क्लबच्या माळ्याने सांगितलं, तेही नळाला पाइप जोडता जोडता. "साहेब, मामा वारले ना परवा, मुलुंडला घरी. तुम्हाला ठाऊक नाही?" मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं आम्ही एकाच आवारात काम केलं, पण ते निवृत्त झाल्यावर मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही... तोंड नव्हतं.

उपनगरातल्या एका गोल्फ क्लबात मी यंत्रांवर सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो. भिकाजी तावडे पन्नाशीचे, मालवणकडचे, गिरणीत फिटर म्हणून हयात घालवून इथे आलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी नुसतं 'तावडे' म्हणायचो. डिप्लोमा नवा होता, नाकाने कांदे सोलायचो. आमच्याकडे गवत कापायचं एक परदेशी यंत्र होतं. त्याचे पात्यांचे तीन रूळ तेलाच्या दाबावर फिरायचे. झेंड्याभोवतीची जी मखमली हिरवळ असते, ग्रीन म्हणतात तिला, ती कापावी तर याच यंत्राने. एकदा ते किंचाळायला लागलं आणि रूळ मंदावले. मी पुस्तक उघडून पंप गेल्याचं जाहीर केलं. मामांनी टाकीचं झाकण काढलं, तर तेलावर ताकासारखा फेस. "साहेब, पंपाक काय एक झालेला नाय. खंयसून तरी वारो खाता हा," ते म्हणाले. मग तेलाची बुधली घेऊन टाकीपासून पंपापर्यंतच्या एकेका जोडावर ते दाट तेल सोडत गेले. तिसऱ्या जोडावर तेल पडलं आणि किंचाळणं एकदम थांबलं. हवा तिथूनच आत जात होती. एक पट्टी आवळली, काम झालं. अहवालात मी लिहिलं, 'दोष शोधून दूर केला.' कोणी शोधला ते लिहिलं नाही. त्याचीही लाज वाटते, पण पुढे जे केलं त्यापुढे ही काहीच नाही.

सभासदांच्या मोठ्या स्पर्धेच्या सकाळी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "साहेब, उजव्या बाजूची नळी घामता हा. रबर फुगलो हा. आज यंत्र भायर काढू नकात. मी घाटकोपराक जावन नवी नळी करून हाडतंय, दुपारपर्यंत येतंय." नऊला खेळ सुरू व्हायचा होता. मी म्हणालो, "मग काय, लोकांनी तुमच्या डोक्यावर खेळायचं? एक फेरी मारून आणा, मग काय ती नळी बदला." नळी बघायला मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. "बरा," मामा म्हणाले आणि गेले.

चौथ्या ग्रीनवर नळी फुटली. दुसरा कोणी असता तर घाबरून तिथेच थांबला असता. मामांनी यंत्र तसंच सरळ बाहेरच्या रानगवतात नेलं, म्हणून नुकसान एका पट्ट्यावर निभावलं. तापलेल्या तेलाने त्यांची पँट भिजली होती, पोटरी भाजली होती, तरी साबणाच्या पाण्याच्या बादल्या आणून ते हिरवळ धूत बसले. पण तेल लागलेलं गवत कुठे वाचतं! तिसऱ्या दिवशी हिरवळीवर दहा पावलं लांबीचा तपकिरी पट्टा उमटला, आणि कमिटीने आम्हा दोघांना बोलावलं.

"नळी आधी तपासली नव्हती का?" सेक्रेटरींनी विचारलं, आणि ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "रोजची तपासणी तावडेंकडे असते." या वाक्यात एक शब्द खोटा नाही... बसल्या बसल्या किती सफाईने जुळवलं मी ते! मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आणि ते बोलले असते तर मी कदाचित कबूल झालो असतो. ते बोलले नाहीत. मीही नाही. त्यांना यंत्रावरून काढून ग्रीनमधलं तण उपटायला बसवलं. पट्टा दीड महिन्यात भरून आला. मामा निवृत्त होईपर्यंत गुडघ्यावर बसून तण काढत राहिले. यंत्र अडलं की मी ड्रायव्हरला त्यांच्याकडे पाठवायचो, स्वतः जायचो नाही. आणि ते मान वरसुद्धा न करता, पण अचूक सांगायचे, काय बघायचं ते.

दहाव्यानंतर मुलुंडला गेलो. एकच खोली. मामी म्हणाल्या, "बसा ना साहेब, त्यांच्याच खुर्चीवर बसा." लोखंडी घडीची खुर्ची, वेताच्या जागी नवार, तीही त्यांनीच ओवलेली. मी बसलो. चहा देताना मामी म्हणाल्या, "तुमचं नाव नेहमी निघायचं. सांगायचे, कमिटी मला घरी बसवणार होती, पण साहेबांनी शब्द टाकला, म्हणून चूल पेटती राहिली." खरं सांगायची ती वेळ होती, आणि मामी माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या, की मी मान हलवली. "त्यात काय विशेष!" असंही म्हणालो.

मामी, मी शब्द टाकला नव्हता. मामांनी नळी बदलू द्या म्हटलं होतं, आणि नको म्हणणारा मी होतो.