एक ग्रॅमचं जहाज

मेनफ्रेमचं असेंब्लर, म्हणजे जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरची भाषा, माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी चिडलेच होते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात बाकीचे सगळे नवनवीन काही शिकत होते, आणि आम्ही चौघं कोपऱ्यात बसून परदेशातल्या एका धान्य कंपनीचा, माझ्या जन्माआधीचा कोड सांभाळत होतो. टीमच्या प्रमुख मॅडम रिटायरमेंटला टेकलेल्या. त्या वर्षी त्या धान्य कंपनीनं मोठं जहाज घेतलं आणि सांगून टाकलं, सोमवारपर्यंत ते सिस्टिममध्ये चढलं नाही तर काम काढून घेऊ. म्हणजे टीम फुटणार आणि आम्ही बेंचवर, बिनकामाचे.

बदल तसा किरकोळ. जहाजाची क्षमता टनांत द्यायची. मॅक्रो, म्हणजे प्रोग्रॅम तयार होतानाच त्यात ओळी लिहून देणारा कोड, तिला दहा लाखांनी गुणून ग्रॅम करायचा. मी दोन हजारांच्या जागी पाच हजार टाकले. असेंबल केल्यावर, म्हणजे असेंब्लर नावाच्याच प्रोग्रॅमनं कोड मशीनच्या भाषेत उतरवल्यावर, रिटर्न कोड आठ आला. आठ म्हणजे चूक. पण जुन्या कोडला कशावरून ना कशावरून कायमच आठ यायचा, त्यामुळे ‘आठपर्यंत चालतं’ हा आमच्याकडचा रिवाज. मीही पुढे गेले. टेस्टमध्ये जहाज एक पोतंही घेईना.

मॅडमनी मला लिस्टिंग, म्हणजे असेंब्लरनं काय काय केलं ते छापलेली यादी, वाचायला बसवलं. क्षमता छापलेली होती एक ग्रॅम. आधी मी हसत सुटले, मग कारण शोधायला लागले. मॅक्रोतल्या हिशेबाला दोनशे चौदा कोटी आणि वर थोडं, एवढंच पेलतं. उत्तर होतं पाचशे कोटी. ते मावेना, तेव्हा असेंब्लरनं उत्तर एक धरलं, तसं एका ओळीत लिहून ठेवलं आणि मुकाट्यानं पुढचं काम उरकलं. ती ओळ आम्ही कुणी वाचलीच नव्हती.

प्रोग्रॅमला स्वतःला एकतीस अंकी आकडाही चालतो. अडत होतं ते मॅक्रोपाशी. शुक्रवारी दिवसभर मी गुणाकाराचे तुकडे करून पाहिले. तुकडे मावायचे, पण त्यांची बेरीज मावायची नाही. संध्याकाळी मॅडम चहा घेऊन शेजारी बसल्या.

“गुणतेस कशाला?” त्या म्हणाल्या. “पाच हजार हा आकडा समजूच नकोस, नुसती अक्षरं समज. पुढे सहा शून्यं चिकटव.”

मी चिकटवली. या वेळी लिस्टिंग ओळ न् ओळ वाचली. पाचावर नऊ शून्यं, जशीच्या तशी. जो आकडा मॅक्रोला मोजता येत नव्हता, तो त्यानं बिनचूक लिहून पुढे दिला होता, आणि तेही तिसरीत शिकवतात त्या युक्तीनं. कितीतरी वेळ मी त्या ओळीकडे बघत बसले.

सोमवारी दुपारी निरोप आला, जहाज भरायला लागलंय. काम आमच्याकडेच राहिलं. मॅडमनी मान डोलावली आणि पुढची फाइल उघडली. मी डोंबिवलीत वाढलेली, मोठं जहाज जवळून कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा बंदरात त्या वेळी डोंगराएवढं धान्य ओतलं जात होतं, आणि ते ओतू देणारी सहा शून्यं माझ्या बोटांनी टाइप केलेली होती. मी डबा उघडला, आणि तो तसाच ठेवून ती लिस्टिंग पुन्हा काढली.