मशीनवाल्या बाई आणि दोनशे पंचवीस बंड्या

डिसेंबर १९८८, शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. यादीतली नावं ४१२. हजर : मी, आणि दाराशी चौकीदार. मशीनवाल्या बाई हजर नव्हत्या. त्या असत्या तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

बाईंची एक सवय आमच्या कापूस खरेदी केंद्रात सगळ्यांना पाठ होती. संगणकावर फाइलचं नाव बदलायच्या आधी त्या दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचत. "ही 'नवी' हाये. आता 'यादी' होऊन राह्यली." मगच बटण दाबत. चौकीदार म्हणायचा, "बाई मशीनले मंतर देतेत." बाई म्हणायच्या, "मशीनले नाई, मले देतो. मशीन तं कधीच विचारत नाई."

त्या सेलू तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, वय जेमतेम सव्वीस. आमच्याकडे आठ महिने राहिल्या आणि मग नागपूरला गेल्या. मी तेव्हा चाळिशीचा हेडक्लार्क. सगळे मला बडेबाबू म्हणत आणि मला ते पटत असे.

वर्धेच्या आसपासच्या गावांतून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येत. बैल सोडून माणसं आवारभर कडुनिंबाखाली पसरत, रांग अशी नसेच, म्हणून वजनकाट्यावरचा नंबर यादीवरच चाले. पूर्वी नंबराच्या चिठ्ठ्या असत. संगणक आल्यावर त्या मी बंद केल्या. कागदाचे वर्षाला अठरा रुपये वाचत होते.

बाईंचा प्रोग्रॅम जुनी यादी आधी मशीनच्या मेमरीत घेई, एकेक नाव दाखवून बंडी काट्यावर गेली का विचारी आणि उरलेली नावं 'नवी' नावाच्या वेगळ्या फाइलीत लिही. शेवटचं नाव लिहून झालं की तो थांबे, आणि बाईंनी बटण दाबलं की ऑपरेटिंग सिस्टिमला एकच हाक मारी : हिचं नाव आता 'यादी'. त्या क्षणी नवी जुनीच्या जागी येई. बाई म्हणत, "बडेबाबू, लिहाले वेळ लागते, नाव बदलाले नाई लागत. एकतर जुनी राहते, नाईतर नवी. अर्धी कधीच राहत नाई."

मला हे कच्चं काम वाटे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी सुट्या कागदावर कधी नोंद केली नव्हती. जे लिहायचं ते बांधीव रजिस्टरात, पक्कं. शिवाय जुनी यादी न विचारता जाते, हे मला मंजूर नव्हतं. त्या शनिवारी बाई सकाळीच केळझरला बहिणीच्या साखरपुड्याला गेल्या. मी प्रोग्रॅममधलं 'नवी' खोडून 'यादी' केलं आणि नाव बदलायची ओळ काढून टाकली. आता सगळं थेट पक्क्या यादीत जाणार होतं. मला बरं वाटलं.

१८७ व्या नावाला लाइट गेली.

वीस मिनिटांनी आली. काटा अजून सुरू झाला नव्हता, म्हणून यादीत पहिली १८७ नावं जशीच्या तशी होती. पुढची २२५ कुठंच नव्हती; छापील प्रत यादी पक्की झाल्यावरच निघे. जुनी यादी पहिलं नाव लिहितानाच मी स्वतः पुसली होती, आणि मेमरीतली लाइटीबरोबर गेली होती. बाहेर यादीतून गेलेल्या २२५ बंड्या होत्या आणि त्यातला कोण आधी, हे मला ठाऊक नव्हतं.

बाई दोनच्या बसनं आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रोग्रॅम वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कोरी वही घेऊन आवारात गेल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न : "भाऊ, फाटकात तुमच्या म्होरं कोण होतं?"

एक जण म्हणाला, "मशीन इसरलं काय, बाई?"

"मशीन नाई इसरलं. आमी इसरलो."

त्या 'आमी'त त्या नव्हत्या. संध्याकाळी पाचपर्यंत साखळी जुळली. 'नवी' फाइल पूर्ण झाली, नाव बदललं, यादी छापली, व्यवस्थापकांची सही झाली, मी ती दारावर डकवली.

साडेपाचला त्या २२५ मधलाच जामकडचा एक बंडीवाला परत आला. बंडीचा आस मोडला म्हणून दुपारभर लोहाराकडे होता. त्याच्या मागच्यानं त्याला वगळून त्याच्याही पुढच्याचं नाव सांगितलं होतं. मोजली तर यादी ४१२ ऐवजी ४११ ची भरली. घाईत मी बेरीज केली नव्हती. सही झालेल्या यादीत नाव घुसवायचं नाही, हा केंद्राचा नियम. तोही मीच घातलेला. त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी गेला, म्हणजे दोन दिवस मुक्काम.

बाई हळूच म्हणाल्या, "बडेबाबू, त्याचे बैल दोन दिवस काय खातीन?"

मी हिशेब केला. दोन बैल, दोन दिवसांचा कडबा, बावीस रुपये. खिशातून काढून त्याच्यापुढे धरले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, बाईंना विचारलं, "हे काऊन देऊन राह्यले?"

"घेऊन घ्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "बडेबाबू मशीन शिकून राह्यले. फी हाये ते."

त्यानं बावीस रुपये दोनदा मोजले आणि घेतले.