पाठ करून बसणारा

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. घरातल्या तिघांनी तीन नावं सुचवली, त्यावरून भांडणं झाली, आणि तोवर त्याला आईच्या ‘यू यू’ची सवय होऊन गेली.

मी पाचवीत असताना वडिलांची कळवणहून नाशिकला बदली झाली. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिकरोडला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. निघताना मामानं मळ्यातलं एक तांबूस पिल्लू पाटीत घालून दिलं. “शहरमा लई चोऱ्या व्हतस, राखणले ऱ्हाई हाऊ,” म्हणाला. वणीपर्यंत मी रडले, पुढे पिल्लू रडलं.

कॉलनीतल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, खेळायला घ्यायच्या नाहीत. मग मीही ठोकून दिलं, की आमच्या कुत्र्यानं मळ्यात कोल्हे पळवलेत. मळ्यातून निघाला तेव्हा तो आईच्या तांब्याएवढा होता, पण हे त्यांना कुठे माहीत होतं! वर्षभरात तो चांगला दणकट झाला आणि माझी थाप पचली असं मला वाटायला लागलं.

पण त्याचं एक विचित्र होतं. माणसांवर तो भुंकायचा, माझ्या तर अंगावरच उड्या मारायचा. दुसरं कुत्रं दिसलं की मात्र गडी बदलायचा. दहा पावलांवर थांबायचा, नाक चाटायचा, उगाच जमीन हुंगायचा आणि चक्क त्याच्याकडे पाठ करून बसायचा. संध्याकाळी आई पायरीजवळ थाळीत भाकरी कुस्करून ठेवायची. तेवढ्यात नाल्यापलीकडची तीन कुत्री यायची. एक लंगडी म्हातारी कुत्री आणि तिच्या मागे दोन धटिंगण. हा दोन घास खाऊन बाजूला व्हायचा आणि पाठ करून सिन्नरकडे जाणाऱ्या गाड्या बघत बसायचा. ती खाऊन गेली की हा थाळी चाटायचा. भांडण नाही, गुरगुर नाही.

शेजारचे काका एकदा सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाले, “काय हो, हा राखणीला आणलाय की वाढपी म्हणून?” मुली खिदळल्या. कोल्ह्यांचं काय झालं, असंही एकीनं विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वडिलांना हसं झालेलं खपायचं नाही. घरात येऊन म्हणाले, “स्वतःची भाकरी राखता येत नाही, तो घर काय राखणार? दिवाळीत मामाकडे सोडून येऊ.” त्यांचा शब्द म्हणजे शब्द. माझ्या हातात महिनाही उरला नव्हता, आणि त्या कुत्र्याखेरीज नाशकात मला सोबत करणारं कुणी नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, याला शूर करायचं. एका संध्याकाळी आई थाळी ठेवून दळण आणायला गेली होती. कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि त्याला थाळीपुढेच, दाराच्या कडीला आखूड बांधला. पाठ फिरवायलासुद्धा जागा ठेवली नाही. वर त्याच्या कानात सांगितलं, “आज बघ त्यांच्याकडे. डोळे वटारून बघ.”

ती तिघं आली. त्यानं नेहमीसारखं वळायचा प्रयत्न केला, दोरी ताणली, पाय घासले. वळता येईना. समोरासमोर उभा राहिलेला पाहून एक धटिंगण गुरगुरत त्याच्यावर गेला. मग जे झालं ते मी दारामागून पाहिलं. मी शूर नव्हतेच. परत आलेल्या आईनं दळणाचा डबा तसाच टाकून बादलीभर पाणी फेकलं तेव्हा ती सुटली. त्याचा डावा कान फाटला होता. लढताना मध्येच एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून सोसत नाही.

आई कानाला हळद लावत म्हणाली, “पाहुणा जेवायला बसला की मी तुला बाहेर का पिटाळते गं?”

“ताटाकडे बघू नये म्हणून.”

“मग? त्याला तेवढं कळतं. तो घाबरत नव्हता, त्यांना सांगत होता की खा, मी भांडायला नाही आलो. तू त्याचं बोलणंच बंद केलंस.”

मी फणकारून म्हटलं, कुत्र्याला कुठली आलीय रीत! पण दुसऱ्या दिवशी तो पायरीवर आलाच नाही, म्हणून मीच थाळी ठेवून बसले. लंगडी एकटीच आली आणि लांब उभी राहिली. मी बघतेय तोवर ती हलेना. कंटाळून मी तोंड फिरवलं, रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मागून मचमच ऐकू आली. किती वेळ मी तशीच बसले होते. रडत होते, पण वळले नाही.

वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. दिवाळीत मात्र तो आमच्याबरोबर कळवणला आला आणि येताना आमच्याबरोबर नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत मी दिवस मोजले. शाळेतून येताना पायरी रिकामी दिसली की जीव कासावीस व्हायचा. एसटीतून उतरले ती मळ्याकडे पळतच सुटले. तो विहिरीपाशी होता. मला पाहून उठला, शेपटी हलली. मी हाका मारत धावले. तोही आला, आला, आणि माझ्यापासून दहा पावलांवर थांबला. नाक चाटलं. जमीन हुंगली. आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मामा हसला, “रुसना वाटस तुन्हावर.”

मामाला काय सांगणार? तो रुसला नव्हता. माणसांसमोर तो असं कधीच करायचा नाही. फाटलेला कान मागून स्पष्ट दिसत होता, आणि तो मला सांगत होता की मी भांडायला नाही आलो.

मीही तिथेच मातीत बसले. त्याच्याकडे पाठ करून. समोर कांद्याचं मोकळं वावर होतं, ऊन होतं. मामी दोनदा जेवायला बोलावून गेली. मी उठले नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पाठीला काहीतरी टेकलं, उबदार, श्वासाबरोबर हलणारं. त्याची पाठ होती.

आता मी साठीला आलेय. कुणाशी बिनसलं की मला ती पाठ आठवते. अजूनही कधी संध्याकाळी एकटी पायरीवर बसते तेव्हा मागे वळून बघत नाही.