समुद्राकडचं जेवण आणि मोंढ्यातला काटा

सन दोन हजार सोळा. माझं वय एकोणसत्तर, आणि त्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात वाढत होत्या त्या फक्त दोन गोष्टी: औरंगाबाद शहर आणि मी. (शहराचं आता नाव बदललं. माझं नाव तेच राहिलं, आकार बदलला.)

आमच्या गावी, पिशोरला, विहिरीनं तळ दाखवला, तसं आमच्या दिलीपनं मला आणि आमच्या मंडळीला, म्हणजे त्याच्या आईला, उचलून औरंगाबादच्याच सातारा परिसरातल्या आपल्या फ्लॅटमधे आणलं. फ्लॅटलाही पाणी टँकरचंच. म्हणजे तहान तीच, वर चढायला तीन जिने. त्या जिन्यांनी माझे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरनं मला काट्यावर उभं केलं (सोबत आलेल्या मंडळीलाही तोलून घेतलं) आणि माझ्याशी न बोलता दिलीपशी बोलला, बैल दाखवायला नेल्यावर मालकाशी बोलतात तसं.

"दहा किलो उतरवा. नाहीतर यांना शेतात पाठवू नका."

दिलीप घरी येऊन म्हणाला, "आबा, सरळ सांगतो. पावसाच्या आत वजन उतरलं तर अद्रक लावायला खुशाल पिशोरला जा. नाय उतरलं तर यंदा वावर बटाईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकू."

बटाईनं! माझं वावर! गावात पहिलं ठिबक अंथरलं ते मी. पाटानं पाणी सोडणाऱ्यांना बांधावर उभं राहून शाळा शिकवली तीही मीच (चौथीपर्यंतची, माझ्याकडं तेवढीच होती). "पिकाला थेंबानं पाणी द्या रे. लई वतलं म्हणून पीक सुधरत नसतंय," हे माझं वाक्य गावात पोरांना पाठ आहे. आणि त्या वावरात आता दुसऱ्यानं उतरायचं?

"उतरवतो," मी म्हणालो. "काय खायचं ते बोला."

बोलली आमची सून वैशाली. ती बँकेत आहे आणि मोबाईलवर वाचून सगळ्यांची तब्येत सांभाळते. "आबा, आपण मेडिटेरेनियन डाएट करू. भूमध्य समुद्राकडचं जेवण. तिकडची म्हातारी माणसंसुद्धा सडपातळ असतात, डोंगर चढतात."

"खातात काय?"

"हरभरे, डाळी, कांदा, काकडी, दही, मूठभर दाणे, जाड्याभरड्या पिठाची रोटी. आणि वरून ऑलिव्हचं कच्चं तेल."

"कच्चं? फोडणी न देता?"

"हो, वरूनच घालायचं."

मी थक्क झालो. भाकर, कांदा, हरभरे, दाणे आणि वर कच्चं तेल! म्हणजे माझा बाप जन्मभर भूमध्य समुद्राच्या काठावर बसून जेवला आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. वैशाली पुढं काहीतरी चमच्यांचं सांगत होती, पण मी कशाला ऐकतोय. पोहणाऱ्याला विहीर कुठं आहे तेवढं कळलं की बास.

बाटली आली. मी ताटात मिरचीचा ठेचा घेतला, मधे बोटानं आळं केलं, झाडाच्या बुडाशी करतात तसं, आणि काठोकाठ तेल भरलं. आमच्याकडं ठेचा असाच खातात. आळं फुटून तेल भाकरीपर्यंत आलं की मग जेवण सुरू.

"आबा, एवढं?" वैशालीनं विचारलं.

"सूनबाई, तुम्ही मोबाईलमधे वाचलं. आमच्या ते रक्तात हाये."

"अहो, पण चमचा..."

"चमच्यानं औषध घेतात. मी जेवतोय."

आमची मंडळी शेजारी बसून, चमच्यानं तेल घेऊन गुमान जेवत होती. तिनं एकदा माझ्या आळ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पुन्हा जेवायला लागली.

दाणे मूठभर म्हणे. मूठ कुणाची ते सांगितलं नव्हतं. माझी मूठ नांगर धरलेली. रोज सकाळी बायपासपर्यंत फिरायला जायचो, साल-दोन सालामागं ज्वारी होती तिथं प्लॉटचे दगड बघून जीव कसनुसा व्हायचा, आणि जीव कसनुसा झाला की मला भूक लागते. भूक लागली की हरभरे. हरभरे कोरडे लागतात म्हणून तेल. पुढं पुढं धोतर कमरेला पुरेना. "दुष्काळात कापडबी आटतं," मी मंडळीला सांगितलं. ती कधी नव्हे ते 'व्हय' म्हणाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मे संपता संपता दिलीपनं काचेचा काटा मांडला. मी चढलो. आकडे पळाले, थांबले. दिलीप वाकला तो वाकलेलाच राहिला.

"आबा, सात किलो जास्त."

"म्हणजे जास्त उतरलं?"

"नाय. जास्त भरलं."

"काटा खोटा हाये," मी म्हणालो. "काचेवर कुणी वजन करतंय का? मोंढ्यात चला. खानभाईच्या काट्यावर माझी मका जन्मभर तोलली, कधी फरक नाय आला."

हट्टच धरला. सगळं घर गाडीत घालून मोंढ्यात नेलं. खानभाई आमचे आडते. त्यांनी पोती सारून जागा केली, मी लोखंडी काट्यावर उभा राहिलो. हमाल जमले. खानभाईंनी चष्मा पुसला, काटा पाहिला, मला पाहिलं.

"पाटील, बारदाना काटूं क्या?" (पोत्याचं रिकामं वजन वजा करतात, ते.)

"काटा. धोतर काटा, पटका काटा, जोडेबी काटा."

दिलदार माणूस. पटक्याचं वजन भरपूर धरलं. तरी शेवटी मान हलवून हळूच म्हणाले, "तो बी पाटील, दुष्काल में इत्ता भरेला माल मैं पैली बार देखरा."

हमाल पोत्यांआड तोंड लपवून हसले. मी खाली उतरलो. गेलं वावर.

तेवढ्यात आमची मंडळी पदर खोचून काट्यावर चढली. कुणी सांगितलं नव्हतं.

"आई!" वैशाली ओरडली. "तुमचं सहा किलो उतरलंय!"

"उतरंल न्हाई तर काय. तू सांगितले तेवढेच चमचे घेतले," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "तुमी अद्रकीला ठिबक केलं, आन् सवताला पाटानं सोडलं."

दिलीपचं तोंड उजळलं. "मग बटाईचं कशाला? आईच जाईल पिशोरला. लागवड करून घेईल."

"तिला जमंल का?" मी विचारलं.

"इतकी सालं वाकून कोण लावीत होतं?" ती म्हणाली. "तुमी तर बांधावर भाषण करीत व्हते."

खानभाईंनी एवढा वेळ धरलेलं हसू तिथं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीला पिशोरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, "ठिबकाची काळजी करू नका." घरी आलो, दाभण तापवलं, ऑलिव्हच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं, आणि भाकरीवर बाटली उलटी धरली.

"आबा, हे काय?" वैशालीनं विचारलं.

"ठिबक," मी म्हणालो.

भोक जरा जास्तच बारीक पडलं होतं. मी मान वर करून पहिल्या थेंबाची वाट बघत बसलो. सगळा मराठवाडा त्या सकाळी तेच करत होता, पण आभाळाखाली. मी बाटलीखाली.