दाराच्या आतल्या बातम्या

माणूस निवांत वाचतो ते एकाच जागी, यावर ओर्ला थिबोडोचा ठाम विश्वास होता. म्हणून आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या लायब्ररीच्या बातम्या ती दर महिन्याला संडासाच्या दारांना आतून चिकटवायची. नवी पुस्तकं कोणती आली, मुलाखतीसाठी कोट उसना मिळतो, महागडी पाठ्यपुस्तकं इथे बसून फुकट वाचता येतात, संध्याकाळी गणित समजावून सांगायला बाई असतात. मधेच एखादा टोमणा. बायका हसत बाहेर यायच्या. मी तिच्या शेजारच्या काउंटरवर. मला हे जरा अतीच वाटायचं, पण ओर्लाला सांगणार कोण?

कागदाची मिल बंद पडली आणि गावातले कितीतरी बाप्ये पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाले. ओर्लाचा धाकटा भाऊ लुसियन त्यातलाच. फ्रिजदुरुस्ती शिकायला गेला आणि गणिताशी गाठ पडली.

ऑक्टोबरात आमच्या ग्रंथपालांनी जाहीर केलं, संध्याकाळचं गणिताचं टेबल नाताळपासून बंद. येतात त्या मोजक्या बायका. "मिलवाल्यांना विचारायची लाज वाटते," ग्रंथपालबाई म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या. ओर्लाने सगळ्यांत जोरात.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण असतं. तिथे आमच्याच टेबलावर लुसियनने ब्रेड बुडवता बुडवता सांगून टाकलं, "कॉलेज सोडलं मी. कालच नाव काढून घेतलं."

"का रे?"

"गणिताचं पुस्तक परवडेना, आणि पुस्तकाशिवाय डोक्यात काही शिरेना."

"अरे गाढवा, पुस्तक आमच्याकडे फुकट आहे! शिकवायला बाई आहेत! दर महिन्याला लिहिते मी!"

"कुठं लिहितेस?"

"दारावर."

"कुठल्या दारावर, ताई?"

ओर्लाचा चमचा हातातच राहिला. पुरुषांच्या संडासात ती जन्मात गेली नव्हती, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं. मला हसू आवरेना. मग तिचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं.

"परत नाव घाल," ती हळूच म्हणाली.

"आता जानेवारीशिवाय घेत नाहीत. आणि या वयात एकदा तोंडावर पडलो तेवढं बास झालं."

सोमवारी ओर्लाने पुरुषांच्या संडासाचं दार ठोठावलं. "कोण आहे का आत? बातम्या आणल्यात!" एक जण पट्टा सावरतच पळाला.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच मिलवाले एकेक करून येऊ लागले. टोप्या काढायचे नाहीत, पण बसायचे. गणिताच्या टेबलाला खुर्च्या कमी पडल्या, आणि ते बंद करायचा विषय ग्रंथपालांनी पुन्हा काढला नाही. लुसियन मात्र आला नाही. चुलतभावाबरोबर रस्त्यावरचा बर्फ काढायच्या कामाला लागला होता. कुणी त्याचं नाव काढलं, की ओर्ला उठून पुस्तकं लावायला जायची.

जानेवारी संपत आला तेव्हा नव्या बातम्या घेऊन ती नेहमीसारखी त्या दाराशी गेली. ठोठावलं. "कोण आहे का आत?"

"आहे," आतून आवाज आला. "मागच्या महिन्याचंच वाचतोय अजून. थांब की जरा, ताई."

ओर्ला थांबली. हातात चिकटपट्टी घेऊन बराच वेळ तिथेच थांबली.