बोटावरचा चुना

जठारपेठेत ज्याच्या ऑटोत बसलो, त्याचं नाव मी विचारलंच नाही. अमरावती रोडला लागताच त्याने आमच्या अकोल्याचं गाण्यांचं रेडिओ स्टेशन लावलं आणि एक कडुलिंब दाखवला. खोडावर चुन्याची रेघ होती.

"स्टेशन सुरू झालं तवा आवाज इथंच बंद पडे. मीच खूण केली."

बऱ्याच पुढे दुसरी रेघ. "टॉवर वाढवला, मंग इथपरेंत. जिथपरेंत आवाज, तिथपरेंत आपलं अकोला!"

तीही रेघ मागे पडली, अन् गाणं चालूच!

"भाऊ, नवीन टॉवर लागला वाटते!" तो ओरडला.

तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन, ते बोट उभं धरून, तो एका हाताने ऑटो पळवत राहिला. माझं उतरायचं गाव गेलं. तो विसरला होता. मी नव्हतो विसरलो. तरी मीही पुढचं झाड शोधत होतो.