पोळ्या मोजणारा हत्ती

"थांब, याला शेपूट लावते," असं म्हणत माझ्या शेजारी बसणारी ती सहकारी चष्मा कपाळावर चढवायची आणि खुर्ची पुढे ओढायची. मग समोर विक्रीचा आलेख असो की तक्रारींचा, त्याचं मांजर होणार हे ठरलेलं.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात आकड्यांची चित्रं करणारं सॉफ्टवेअर होतं. असे आलेख तुम्हीही पाहिले असतील आणि जांभया दिल्या असतील. मीही पोटापाण्यासाठीच ते करायचो. हिला मात्र त्यातल्या गोलांत पोट दिसायचं, खांबांत पाय दिसायचे. आकडा बदलला की चित्र हलायचं, म्हणून तिचे प्राणी चालायचे, कान हलवायचे. एकदा मीटिंगआधी एका आलेखावर काढलेले डोळे खोडायचे राहून गेले.

"इज दॅट अ कॅट?" मॅनेजरनं विचारलं.

"येस. सेल्स आर अप, सो द टेल इज अप," ती शांतपणे म्हणाली.

मी टेबलाखाली बघत बसलो. मॅनेजर मात्र हसला, आणि त्या महिन्याची विक्री सगळ्यांच्या लक्षात राहिली.

तिचा मुलगा चार वर्षांचा, नागपूरला बाबा आणि आजीजवळ. काही महिन्यांसाठी म्हणून ती आली होती आणि प्रोजेक्ट लांबत गेला. हळूहळू मुलगा फोनवर येईनासा झाला. आजी रिसीव्हर त्याच्या कानाला लावायची, तो पळून जायचा. "मला विसरला तर रे?" कँटीनमध्ये सालासकट भाजलेला जॅकेट पोटॅटो चिवडत ती सहज म्हणाली.

मग तिनं त्याच्यासाठी हत्ती केला. मुलगा जेवढ्या पोळ्या खाईल तेवढी सोंड वर जायची. आजी फोनवर आकडा सांगायची, ही तो भरायची आणि झुलणारा हत्ती ईमेलनं नागपूरला जायचा. मुलगा म्हणे कॉम्प्युटरसमोर नाचायचा. फोनवर मात्र येत नव्हताच.

एके दिवशी नागपूरचा फोनच लागेना. आकडा नाही, त्यामुळे सोंड जमिनीवर आणि हत्ती मटकन खाली बसलेला.

"दोन टाक ना," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय?"

"काहून टाकू? एवढं एकच तर खरं उरलंय आमच्यात. त्याच्या पोळ्या मी मनानं नाही मोजणार."

तिनं बसलेला हत्ती तसाच पाठवला. मला तो निव्वळ हट्ट वाटला.

दुसऱ्या दिवशी लंचच्या वेळी तिचा मोबाइल वाजला. मुलानं हट्ट धरून आजीला नंबर फिरवायला लावला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"आई, मी पोळी खाल्ली. अख्खी. आता त्याला उठव."

"उठवते रे राजा. भाजी कोणती होती?"

तो सांगत राहिला. ती एका हातानं डोळे पुसत, फोन खांद्याशी धरून आकडा भरत होती. इतकं सुंदर काम मी त्या ऑफिसात दुसरं पाहिलं नाही.

प्रोजेक्ट संपायची वाट न पाहता ती परत गेली. हत्ती माझ्या मशीनवर राहिला. मी तो कधीमधी उघडतो. आकडा नसल्यामुळे तो बसलेलाच असतो. एकदा माझ्याच पोळ्या टाकायला हात गेला होता, पण टाकल्या नाहीत. हत्ती मुलाच्या पोळ्या मोजायचा, आणि त्या आता नागपूरला ती स्वतः वाढते.